हाताचं माप

गल्लीत त्यांना सगळे मूठवाल्या वहिनी म्हणत. नवरा हत्यारांना लाकडी मुठी करून देतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. नवरा पडला अबोल, त्यामुळे घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानातला तोंडाचा कारभार वहिनींकडे आणि हाताचा त्याच्याकडे, अशी वाटणी फार पूर्वीच होऊन गेली होती. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हत्यार कसलं, रोज किती चालतं, जुनी मूठ कुठे बोचते, हे सगळं वहिनी विचारून घेत. तयार मुठींना काचकागद मारणं, जवसाचं तेल चोळणं, त्या सावलीत वाळवणं, हेही त्यांचंच काम. मूठवाल्याचं नाव झालं त्यात निम्मा वाटा आपला, असं वहिनींचं ठाम मत होतं. ते खरंही होतं, फक्त तसं कुणी त्यांना कधी म्हणून दाखवलं नव्हतं.

मूठवाल्याची मूठ मापाची असे. बाजारात मिळणाऱ्या मुठी सगळ्या एका साच्याच्या, तिथे हातानंच मुठीशी जमवून घ्यायचं. इथे उलटा प्रकार. कोमट पाण्यात मऊ केलेला मेणाचा गोळा तो पात्याच्या मागच्या काडीवर चढवायचा, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, करा काम. समोर लाकडाचा तुकडा असेच. गिऱ्हाईक काम करू लागलं की हा आपला हात त्याच्या हातावर अलगद ठेवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. कुठलं बोट दाबतंय, मनगट कुठे वळतंय, कुठलं बोट नुसतं बसून खातंय, ते त्याला वरूनच समजे. मग मेण थंड पाण्यात, आणि घट्ट झालं की फळीवर. माणसाची सगळी पकड त्या मेणात उतरलेली असे.

आता सांगायचं म्हणजे, वहिनींना या मापाचा मत्सर वाटायचा. बायकांच्याच मापाचा वाटायचा असंही नाही. न्हाव्याच्या हाताचा वाटायचा, चांभाराच्या हाताचा वाटायचा, एकदा तर एका म्हाताऱ्या माळीबुवांच्या हाताचा वाटला होता, आणि ते बिचारे कानानं ठार बहिरे. घरात ज्या माणसाच्या तोंडून मीठ कमी आहे एवढे तीन शब्द काढायला अर्धं जेवण जायचं, तोच माणूस माळीबुवांच्या तळव्यावरच्या घट्ट्यांबद्दल हात धुईपर्यंत बोलत बसला होता. घट्टा करंगळीखाली आहे म्हणजे ते कात्री आडवी धरतात, असं काहीबाही. वहिनींनी तेव्हा भांडी जरा जोरात आपटली होती. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, भांडं पडलं का.

आणि वहिनींच्या स्वतःच्या हाताचं माप? ते कधी झालंच नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीची मूठ मधोमध तडकलेली होती आणि तिच्यावर वहिनींनी जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली होती. साऱ्या गावाला मुठी करून देणाऱ्याच्या घरात ही अवस्था. एकदा त्यांनी सांगूनही पाहिलं होतं, अहो, माझ्या सुरीचं तेवढं बघा. तो म्हणाला, बघू. त्या ‘बघू’नंतर पोरीचं लग्न होऊन तिची पोरं शाळेत जायला लागली होती. पुन्हा मागायचं नाही असं वहिनींनी मनाशी ठरवून टाकलं, आणि हट्ट धरला की त्या धरून ठेवत.

त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक जुना व्रण होता. संसार नवा होता तेव्हाची गोष्ट. दुकानात लाकूड पकडायला शिकंजाही नव्हता. लाकूड वहिनी धरत आणि तो करवत चालवी. एकदा करवत उडाली. जखम भरून आली, पण अंगठा नंतर कधी पुरता वळला नाही, काम करताना तो बाजूला आडवा पडून राही. वहिनींना त्याची सवय झाली होती. त्याच आठवड्यात नवऱ्यानं सायकल विकून शिकंजा आणला आणि त्या विषयावर घरात पुन्हा एक अक्षर निघालं नाही.

तर अशा घरात ठसेवाली आली.

कापडावर नक्षी छापायचे लाकडी ठसे कोरणारी बाई. चाळिशीची असेल, हसरी, तोंडाला खीळ नसलेली. तिच्या कोरणीची मूठ तिला त्रास देत होती, दुपारपर्यंत बोटं बधिर व्हायची. वहिनींनी तिला स्टुलावर बसवलं, नेहमीचे प्रश्न विचारले, चहा दिला. बाई वहिनींना वहिनी म्हणाली आणि मूठवाल्याला दादा म्हणाली, इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मूठवाल्यानं मेणाचा गोळा तिच्या हातात दिला, आपला हात वर ठेवला, डोळे मिटले, आणि ते उघडायचं नावच घेईना. वहिनी काचकागद घेऊन एकाच मुठीवर घासत राहिल्या. ती मूठ पुढे बारीक झाली म्हणून टाकून द्यावी लागली.

डोळे उघडून तो म्हणाला, संध्याकाळी एकदा याल का, दिवसभराच्या कामानंतर हात निराळा होतो, तेव्हाचीही पकड मला बघायची आहे.

वहिनींच्या कानांवर त्यांचाच विश्वास बसेना. इतक्या वर्षांत दोनदा माप कुणाचं घेतलं होतं? न्हाव्याचं नाही, चांभाराचं नाही, बहिऱ्या माळीबुवांचं तर नाहीच नाही.

बाई संध्याकाळी आली. आल्यावर पुन्हा चहा. या वेळचा चहा वहिनींनी कोमट दिला आणि वर साय तशीच राहू दिली, पण बाईला चहा कसाही चाले. पुन्हा तेच मेण, पुन्हा हातावर हात. रात्रीच्या जेवणाला मूठवाला आपणहून बोलला. म्हणाला, “असा हात मी पाहिला नव्हता. सगळं काम करंगळीवर तोललंय तिनं. हात नव्हे, काटा आहे सोनाराचा.”

वहिनींनी त्याच्या ताटात भाजी वाढली आणि आपल्या करंगळीकडे बघितलं. भांडी घासून सुजल्यासारखी दिसत होती. त्या रात्री त्यांना झोप लागली ती उशिरा, आणि लागली तीही रागातच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नणंदेला फोन केला. असं थेट कसं सांगायचं, म्हणून हवापाण्यापासून सुरुवात केली आणि मग मुद्द्यावर आल्या. नणंद पोट धरून हसली. “माझा भाऊ? अहो वहिनी, त्याला स्वतःच्या चपला दारात सापडत नाहीत, त्याला दुसरी बाई कुठून सापडणार?” वहिनींनाही ते पटलं होतं. भानगड आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. भानगड असती तर बरं, भांडता तरी आलं असतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. नवऱ्याला साऱ्या जगाचे हात पाठ होते आणि ज्या हातचं तो रोज खात होता, तो हात त्यानं एकदाही असा धरला नव्हता, डोळे मिटून. पण हे नणंदेला फोनवर कसं सांगणार? त्यांनी पोरांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी मूठवाला लाकूड निवडायला वखारीत गेला. दुकानात वहिनी एकट्या. फळीवर ठसेवालीचं मेण होतं, वर निळा दोरा बांधलेला. वहिनींनी ते नुसतं बघायला म्हणून खाली घेतलं, अगदी खरं सांगायचं तर नुसतं बघायलाच. करंगळीचा खळगा खरोखरच खोल होता. त्यांनी आपली बोटं त्या खळग्यांत बसवून पाहिली. एकही बसेना. प्रत्येक बोट कडेवर अडकत होतं, परक्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं.

मग मात्र डोकं फिरलं. चुलीवर पाणी गरमच होतं. त्यांनी मेण त्यात बुडवलं, मऊ झालं तसं काडीवर थापून पुन्हा गोळा केला, आणि भाजी चिरताना सुरी धरतात तसा तो घट्ट आवळून धरला. आवळताना दातही आवळले गेले होते. मग गोळा थंड पाण्यात सोडला, पुसला, निळा दोरा पूर्वीसारखा बांधला आणि जागच्या जागी ठेवून दिला. मनात म्हणाल्या, सगळ्यांचे हात ओळखता ना, आता हा ओळखा. आणि नाहीच ओळखला, तर ती मूठ त्या बाईच्या हातात बसणार नाही, हेही त्यांच्या मनात होतं. त्यातलं नक्की काय व्हायला हवं होतं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मूठवाला परत आला. मेण उचलून खिडकीपाशी नेलं, फिरवून फिरवून पाहिलं, त्यावरून आपला अंगठा फिरवला. वहिनी दाराआडून बघत उभ्या. त्यानं मेण खाली ठेवलं आणि चहा मागितला. बस, एवढंच.

ओळखलं नाही तर. वहिनींनी चहा ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेल्याला माळीबुवांचा घट्टा ओळखता येतो, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. चहात साखर पडली की नाही ते त्यांना आठवेना, म्हणून पुन्हा घातली. मूठवाल्यानं तो गोड चहा मुकाट्यानं पिऊन टाकला.

पुढचे दिवस त्यांनी जीव मुठीत धरून काढले. मूठवाला कोपऱ्यात पाठ करून काम करत होता. अक्रोडाचा एक तुकडा त्यानं कापायला घेतला होता, तो ठसेवालीसाठी, हे वहिनींना माहीत होतं. आता हा माझ्या हाताची मूठ तिच्या कोरणीला बसवणार, इतक्या वर्षांत कधी न चुकलेलं माप चुकणार, आणि ते माझ्यामुळे, असं सारखं त्यांच्या मनात यायचं. सांगून टाकावं असंही वाटायचं. मग करंगळी आठवायची, सोनाराचा काटा आठवायचा, आणि तोंड मिटायचं.

त्यातच एके दुपारी तो कापडी पिशवी घेऊन बाहेर पडला. कानशीला धार काढून आणतो म्हणाला. तो परतायच्या आत समोरच्या शिंपीणबाई बटणं मागायच्या निमित्तानं आल्या. मूठवाल्यांकडे बटणं असतात असं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुमचे हे ठसेवालीच्या कारखान्यात दिसले हो. मी कापड द्यायला गेले होते. खिडकीपाशी हात धरून बसले होते तिचा.”

वहिनी म्हणाल्या, कामाचंच असेल. शिंपीणबाई म्हणाल्या, हो, कामाचंच असेल. आणि असं हसल्या की वहिनींना त्यांच्या सगळ्या बटणांची माळ करून त्यांच्याच गळ्यात घालावीशी वाटली. त्या गेल्या आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. वहिनींनी पुसलंही नाही. दोनदा माप घेऊन पोट भरलं नाही, आता कारखान्यात जाऊन तिसऱ्यांदा. आणि मला कानशीची थाप. अंगाचा नुसता तिळपापड झाला त्यांच्या. पण जाब विचारायचा तर मेणाचं कबूल करावं लागणार, म्हणजे बोलायची सोय नाही. कधी नव्हे ते वहिनींचं तोंड बंद झालं होतं, आणि घरात तेवढी शांतता मूठवाल्यालाही जड गेली असावी, कारण जेवताना त्यानं आपणहून विचारलं, बरं नाही का. वहिनी म्हणाल्या, मला काय धाड भरलीये.

मूठ न्यायचा दिवस आला. त्या दिवशी सकाळी वहिनींना सुरी सापडेना. पट्टी गुंडाळलेली ती जुनी सुरी कधी कुठे जात नसे, पण आधीच डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यांनी भाजी हातानं तोडून चुलीवर टाकली आणि दुकानात येऊन बसल्या. मूठवाला तेवढ्यात आत एक फेरी मारून आला. ठसेवाली आली. मूठवाल्यानं कोरणी तिच्या हातात दिली. अक्रोडाची नवी मूठ, तेल पिऊन चकाकत होती. वहिनींनी या खेपेला तिला तेलही चोळलं नव्हतं, ते त्यानं स्वतःच केलं होतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

ठसेवालीनं लाकडाचा तुकडा पुढे ओढला आणि एक रेघ कोरली. मग एक गोल. मग हात थांबवून नुसतीच मुठीकडे बघत राहिली. म्हणाली, दादा, काही धरलंय असं वाटतच नाही हो.

बसली होती. चोख बसली होती. वहिनींना क्षणभर हायसं वाटलं आणि पुढच्याच क्षणी पहिल्यापेक्षा जास्त जळफळाट झाला. म्हणजे आपण मोडून टाकलेलं माप यानं पुन्हा जाऊन घेतलं, तेही चोरून.

“तुमच्या दादांची कमाल आहे, वहिनी,” जाताजाता ठसेवाली म्हणाली. “माझ्या कारखान्यापर्यंत आले माप घ्यायला. म्हणाले, पहिलं मेण उन्हात राहिलं आणि वितळलं, चूक माझीच, तुम्हाला पुन्हा खेप नको. इतका मोठा कारागीर, पण चूक कबूल करायला कमीपणा नाही मानला.”

ती गेली. मूठवाला खाली मान घालून कानस चालवत होता. त्या कानशीला कुठून धार काढून आणलेली नव्हती, ते वहिनींना आवाजावरूनच समजलं. मेण उन्हात राहिलं. या माणसानं आजवर कुठल्या गिऱ्हाइकापुढे माझं चुकलं असं म्हटलं नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. आणि आता न केलेल्या चुकीला तो एका परक्या बाईपुढे आपली म्हणून आला होता. वहिनींना लाज वाटली. मत्सरही होताच, तो काही लगेच उठून जात नाही, पण आता त्याला बसायला नीट जागा मिळेना. त्या उठल्या आणि आत गेल्या.

ओट्यावर सुरी होती. पातं तेच, झिजून निम्मं झालेलं. चादरीची पट्टी गेली होती आणि शिसवीची काळीभोर मूठ बसवलेली होती. वहिनींनी ती उचलली. चारही बोटं आपापल्या जागी जाऊन बसली, कुठे अडलं नाही, कुठे सैल नाही. आणि बाजूला, जिथे कुठल्याही मुठीवर काहीच नसतं, तिथे एक लांबट, उथळ खळगा कोरला होता. न वळणारा अंगठा आडवा पडून राहतो, बरोबर तिथे. अंगठा त्यात अलगद जाऊन पडला. वहिनी कितीतरी वेळ सुरी धरून तशाच उभ्या राहिल्या. चिरायला भाजी नव्हती, ती सकाळीच चुलीवर गेली होती.

मूठवाला दारात येऊन उभा होता.

“कधी कळलं?” वहिनींनी मागे न बघता विचारलं.

“मेण उचललं तेव्हाच.”

“कसं?”

“त्यात अंगठाच नव्हता,” तो म्हणाला. “मेणात अंगठा उमटतोच. सगळ्यांचा.”

वहिनींनी सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली. म्हणाल्या, “मग एवढी वर्षं का नाही केलीत? मी सांगितलं होतं तुम्हाला.”

त्यानं उत्तर द्यायला इतका वेळ लावला की वहिनींना वाटलं, आता हा ‘बघू’ म्हणतो की काय. तो चौकटीवरचा लाकडाचा एक कंगोरा नखानं खरवडत होता.

“माप घ्यायचं तर हात धरावा लागतो,” तो म्हणाला. “तुझा हात धरला की मला ती करवत आठवते. धीरच झाला नाही.”

आजवर वहिनींना वाटत होतं की त्या हातात बघण्यासारखं काही नाही, म्हणून तो बघत नाही. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. तो मुठीतल्या खळग्यात आरामात पडून होता, जणू लहानपणापासून तिथेच निजायचा. ठसेवालीची करंगळी त्यांना आठवली. पहिल्यासारखी टोचली नाही, थोडी टोचली.

“बसत नाही ही मूठ,” वहिनी म्हणाल्या.

मूठवाल्यानं दचकून वर पाहिलं. मूठ किती बसली आहे ते त्याला इतक्या लांबूनही दिसत होतं. असं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात आजवर आलं नव्हतं.

“कुठे बसत नाही?”

“सगळीकडेच. मेणावरून अंदाजानं केलीत, दुसरं काय होणार. नीट माप घ्या.”

एवढं बोलून वहिनी त्याच्या अंगावरून पुढच्या खोलीत गेल्या, ज्या स्टुलावर त्यांनी इतक्या वर्षांत शेकडो माणसांना बसवलं होतं त्या स्टुलावर जाऊन बसल्या, पदर सारखा केला आणि उजवा हात पुढे धरला. मूठवाल्यानं मेणाचं भांडं उचललं आणि पाणी कोमट करायला ठेवलं. समोरच्या खिडकीतून शिंपीणबाई बघत होत्या. वहिनींनी त्यांना दिसेलसं स्टूल जरा दाराकडे सरकवून घेतलं.